कधी जायचं, काय पाहायचं: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी पुणे, जुन्नर आणि सातारा परिसराबद्दलचे प्रश्न निवडले आहेत. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात, तेवढी खात्री निघण्याआधी करून घ्यावी.

कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी एका दिवसात होतात का? गाडी आहे, सोबत दहा-बारा वर्षांची दोन मुलं आहेत. मागे एकदा कार्ल्याला गेलो होतो, पण आत इतका अंधार होता की काहीच नीट दिसलं नाही. (चिंचवड)

होतात, पण क्रम चुकला तर तिन्हीकडे जाऊनही हाती फारसं काही लागत नाही. बेडशाचं चैत्यगृह (बौद्धांचं कोरीव प्रार्थनागृह) पूर्वाभिमुख आहे, भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख. म्हणजे सकाळी बेडसे, दुपारी भाजे आणि उन्हं कलायला लागली की कार्ले. तुम्ही कार्ल्याला बहुधा सकाळी गेला असाल. तेव्हा सूर्य डोंगरामागे असतो आणि आत काळोखच असतो. दुपारनंतर समोरच्या मोठ्या कमानीतून उजेड आत येतो आणि खांबांवरची हत्तीवर बसलेली जोडपी एकेक करून दिसायला लागतात.

बेडशाला कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने जा. सकाळी आठपर्यंत पायथ्याशी असलात तर बरं, कारण साधारण चारशे पायऱ्या आहेत आणि वाटेत सावली कमी. चैत्यगृहासमोर कातळाची भिंत तशीच ठेवलेली आहे, त्यामुळे बोळातून आत गेल्याशिवाय दर्शनी खांब दिसतच नाहीत. ऊन वर चढलं की तो बोळ पुन्हा अंधारतो. शेजारचा विहार बघायला विसरू नका. एरवी विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थानं, चौकोनी असतात. हा मागच्या बाजूला गोलाकार आणि वर गजपृष्ठाकार छताचा आहे. तिघांत गर्दी सर्वांत कमी इथेच असते, आणि आमच्या मते तिघांत सर्वांत देखणं दर्शनी काम हेच.

भाज्याला मुलांना आधी छत दाखवा. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. कातळातल्या छताला लाकडी कमानी बसवलेल्या दिसतात, त्यांची छताला आधार म्हणून काहीच गरज नाही. त्या काळच्या इमारती लाकडाच्या असत, त्यांचंच रूप कारागिरांनी दगडात उतरवलं आणि सवयीने लाकूडही बसवलं. त्यातल्या जुन्या तुळयांवर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. मग खांब बघा: अष्टकोनी आहेत आणि आतल्या बाजूला कललेले आहेत. हाही लाकडी बांधकामाचाच वारसा, कारण तिरपा खांब छताचा बाहेर ढकलणारा भार पेलतो. कमानीभोवती आणि खाली खोबणी आहेत, तिथे पूर्वी लाकडी दर्शनी भाग जोडलेला होता. पुढे 14 लहान स्तूपांचा गट आहे, 5 आत आणि 9 बाहेर. बरेच जण इथूनच परत फिरतात. त्याच्याही पलीकडे, दक्षिण टोकाच्या विहारात व्हरांड्याच्या भिंतीवर रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. जाळी बंद असेल तर तिथल्या पहारेकऱ्याला विचारा.

कार्ल्याला साडेतीनपर्यंत वर पोचा. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठं. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, त्यात हे शैलगृह 'जंबुद्वीपात उत्तम' असल्याचं म्हटलं आहे. आतल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवन (म्हणजे ग्रीक) दात्यांची नावं आहेत. झिजलेली अक्षरं बघायची असतील तर मोबाइलचा उजेड समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. मोबाइल भिंतीलगत आडवा धरा, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते.

एकवीरा देवीचं मंदिर लेण्याच्या तोंडाशीच आहे. चैत्रातली यात्रा, नवरात्र आणि रविवार टाळा. दर्शनाची आणि लेण्याची वाट एकच असल्याने अर्धा दिवस पायऱ्यांवरच जातो. कार्ले आणि भाजे इथे भारतीयांना 25 रुपये तिकीट आहे, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही. गाडी नसेल तर बेडसे सोडा आणि लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. भाजे तिथून चालत, कार्ल्याला रिक्षा. दुपारच्या लोकलमध्ये मोठा खंड असतो, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला खास रोहित (फ्लेमिंगो) पाहायला भिगवणला गेलो. नावाडी म्हणाला 'येतील आता', पण एकही दिसला नाही. फसवणूक झाली की वेळ चुकली? (हडपसर)

वेळ चुकली. आणि ती पंचांगावर नव्हे, उजनीच्या पाणीपातळीवर ठरते.

रोहित चोच उलटी धरून उथळ पाण्यातला गाळ गाळतो. त्याला पाय टेकतील एवढंच पाणी लागतं. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा सगळा उजनी धरणाचा फुगवटा आहे. पाऊस संपताना धरण भरलेलं असतं, काठाच्या बाभळी पाण्यात उभ्या असतात, आणि रोहितांना उतरायला जागाच नसते. पुढे रब्बीची आवर्तनं सुटतात, पाणी मागे सरकतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तेव्हा थवे येतात. साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ चांगला. पाऊस जोरदार झाला असेल तर सगळंच लांबतं. कमी झाला असेल तर डिसेंबरातही दिसतात. उजनीच्या पाणीसाठ्याचा टक्का वर्तमानपत्रात रोज येतो. तो नव्वदीत असताना निघालात तर रोहितांची आशा ठेवू नका.

त्या दिवसांत दुसरं बरंच काही असतं: चित्रबलाक, चमचे, नदीसुरय, वंचक. हिवाळा चढला की पट्टकदंब येतात, डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांमुळे लगेच ओळखू येतात. नुसत्या रोहितांसाठी जाणारे यांच्याकडे बघतही नाहीत, हे खटकतं.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण 100 किलोमीटर. उजाडताना बोटीत बसलेलं असावं. नऊनंतर पाण्यावरून ऊन परावर्तित होतं, हवा तापून थरथरते आणि फोटो धूसर येतात. दुपारी वाराही उठतो, आणि हा नुसता गैरसोयीचा मुद्दा नाही. मे 2024 मध्ये कळाशी ते कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून 6 जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट नसेल तर त्या बोटीत बसू नका, मग नावाडी कितीही ओळखीचा असो. भाडं बोटीचं की माणशी, आणि किती वेळाचं, हे बसण्याआधी बोलून घ्या.

थव्याच्या बरंच अलीकडे इंजिन बंद करायला सांगा आणि पुढे वल्ह्याने जा. पक्ष्यांनी मान वर करून एका दिशेने चालायला सुरुवात केली की तिथेच थांबा. पुढची पायरी उडण्याची असते. 'उडवून दाखवू का?' असं विचारणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. सकाळभर उठवलेला थवा चरत नाही आणि दोन-चार दिवसांत जागा सोडतो. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणंही बंद व्हायला हवं.

कास पठाराचं बुकिंग केव्हा करावं? ऑक्टोबरअखेर सुट्टी मिळते. (ठाणे)

ऑक्टोबरअखेर जाऊ नका, तोवर पठार वाळलेलं असतं. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हंगाम, त्यातही सप्टेंबरचा मधला पंधरवडा भरवशाचा. रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आहे, त्यामुळे शनिवार-रविवारची जागा लवकर भरते. मंगळवार-बुधवार घ्या.

कासला गालिचा दिसतो तो एका रंगाचा, आणि रंग दर दोन-तीन आठवड्यांनी पालटतो: पांढरे गेंद, गुलाबी तेरडा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, शेवटी कवळा आणि सोनकीचा पिवळा. इंटरनेटवर सगळे रंग एकत्र पाहून गेलेल्यांची निराशा होते ती यामुळेच. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांनी फुलते.

खरी मजा खाली वाकण्यात आहे. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर, त्यात पोषण कमी. म्हणून इथल्या काही वनस्पती कीटक खातात. सीतेची आसवं मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून घेतात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात. दवबिंदू नाण्याएवढा असतो, उभ्याने दिसत नाही. साधं भिंग न्या. आखलेली वाट सोडू नका, कारण तो पातळ थर एकदा तुडवला गेला की पावसात धुऊन जातो आणि खाली उघडा जांभा उरतो.

केळकर संग्रहालयात आठ वर्षांच्या मुलीला नेलं, अर्ध्या तासात कंटाळली. पुन्हा न्यावं का? (कोथरूड)

न्यावं, पण सगळं दाखवायला नको. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्याही काही हजार. मोठ्यांनाही दुसऱ्या मजल्यावर नजर बधिर होते. दोन-तीनच विषय धरा. अडकित्ते उत्तम: पोपट, घोडा, माणसांची जोडी, नाना आकार आहेत. तिला विचारा, सुपारी नेमकी कुठे ठेवायची आणि कुठे दाबायचं. मग दिवे, मग पाय घासायच्या वज्री. वही-पेन्सिल द्या आणि एका वस्तूचं चित्र काढू द्या. वापराच्या वस्तू इतक्या कलाकुसरीने का घडवल्या असतील, हा प्रश्न तिचा तिला पडतो. मस्तानी महाल शेवटी. तो मूळचा कोथरूडचाच, तिथून इथे आणून उभा केलेला, हे तुमच्या मुलीला नक्की आवडेल. तासाभरात बाहेर पडा. बाजीराव रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. मेट्रोने मंडईला उतरून चालत या.

युनेस्कोच्या यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना कोणते दाखवता येतील? (नाशिक)

पन्हाळा सर्वांत सोपा. गाडी थेट वर जाते आणि तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना हे सगळं थोड्या चालण्यात होतं. विजयदुर्गाच्या दारापर्यंत रस्ता आहे, आत मात्र चढ-उतार. रायगडाला रोपवे आहे. वर राजसदर, बाजारपेठ आणि समाधीपर्यंत बऱ्यापैकी चाल पडते, खुर्चीची सोय होते का ते विचारून घ्या. सिंधुदुर्गाला मालवणहून होडी, पण पावसाळ्यात ती बंद असते आणि होडीत चढता-उतरताना हात द्यावा लागतो. शिवनेरी, लोहगड, प्रतापगड पायऱ्यांचे आहेत. राजगड आणि साल्हेर यांचा विचारच नको.

नाणेघाटातल्या शिलालेखाची अक्षरं खडूने भरली तर फोटोत चांगली येतात असं ऐकलं. त्याने दगडाला काही होतं का? (जुन्नर)

होतं. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते, ती काढायला कुणीतरी घासतं, आणि त्या घासण्याने कड झिजते. शिवाय खडू भरणारा माणूस त्याला दिसलं तसं अक्षर भरतो. पुढच्या फोटोत ती चूकच खरी वाटायला लागते. हा सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञात दिलेल्या गाई आणि कार्षापणांचे (त्या काळच्या नाण्यांचे) आकडे आहेत आणि ब्राह्मीतल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. तिथे एका रेघेचा फरकही महाग पडतो. वर कार्ल्याच्या लेखांसाठी सांगितलेला तिरका उजेडच वापरा, आणि एकाच जागेचे चार बाजूंनी उजेड देऊन चार फोटो घ्या.

गुहेत मुक्काम करून चूल पेटवणं हाही तिथला जुना उपद्रव. काजळी अक्षरांत बसते. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या, आता पावलं आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत.

किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं तर नेमकं काय करायचं? (तळेगाव)

हात झटकू नका. रुमाल किंवा ओढणीने तोंड, नाक, कान झाका आणि आल्या वाटेने झपाझप दूर जा. कड्याच्या बाजूला पळू नका. एक माशी चावली की तिच्या डंखाच्या वासाने बाकीच्या तिथेच येतात, म्हणून थांबून काटे काढत बसू नका. सुरक्षित अंतरावर गेल्यावर नखाने खरवडून काढा. काटा जितका वेळ आत राहतो तितकं विष उतरत राहतं. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर यापैकी काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि वाट बघत न बसता खाली उतरवायला घ्या.

मोहोळ आपोआप उठत नाही. धूर, दगड, उग्र अत्तर आणि आता ड्रोन ही नेहमीची कारणं.

औंधचं संग्रहालय एवढ्या लांब जाऊन बघण्यासारखं आहे का? (कराड)

कराडहून ते लांब नाही. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं हे संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प एकाच छताखाली बघायला मिळतं, ते खटाव तालुक्यात. दोन तास हाताशी ठेवा. सोमवारी बंद असतं.