जेवून सराफ्यात जाऊ नका

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याहून जानेवारीत दोन दिवस इंदूर, बरोबर आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखतात, आईंना तिखट सोसत नाही, आणि खायला सराफा की छप्पन, एकच ठिकाण निवडायचं तर कुठलं? माझा जन्म इंदूरच्या रामबागेतला, आता राजेंद्रनगरला राहतो. पन्नाशी उलटली तरी रात्री दहाला गाडी बाहेर काढायची खोड गेलेली नाही. तेव्हा सांगतो, पण आधी माझी फजिती ऐका.

लग्नानंतर सासरे पहिल्यांदा साताऱ्याहून आले, तेव्हा बायकोने पुरणपोळीचा बेत केला. साडेआठला पानं वाढली आणि साडेदहाला मी त्यांना सराफ्यात नेलं. दहीवड्याचे दोन घास खाऊन त्यांनी हात टेकले. समोर जलेबा, म्हणजे भली मोठी जिलबी, तळत होते, एकेक नग पाव किलोच्या घरातला. सासरे म्हणाले, "जावईबापू, हा बांधून घ्या, सकाळी चहाबरोबर खाऊ." सकाळी तो असा चिवट झाला होता की त्यांनी कवळी काढून ठेवली. तेव्हापासून सराफ्याच्या दिवशी आमच्याकडे रात्री चूल पेटत नाही.

आता मूळ प्रश्न. एकच निवडू नका, वेळा वाटून घ्या. छप्पन संध्याकाळी सहाच्या सुमाराला. न्यू पलासियातली ही छप्पन दुकानांची ओळ. २०२० साली तिचं नूतनीकरण झालं, तेव्हापासून आत गाड्या येत नाहीत, जमीन सपाट आहे आणि बसायला जागा आहे. बाबांना तिथे त्रास होणार नाही. जॉनीचा हॉट डॉग खा, पण सॉसेजची वाट बघू नका. तव्यावर शेकलेला गोल पाव आणि आत टिक्की, एवढंच ते. अंड्याचं ऑम्लेट घातलं की त्याला बेंजो म्हणतात. खोपरा पॅटिस आईंना चालेल: वरून बटाटा, आत ओल्या नारळाचं सारण, हिरवी चटणी मात्र वेगळी मागून घ्या. आणि शिकंजी. तुम्ही लिंबूपाणी समजून मागवाल आणि पुढ्यात येईल आटवलेलं, केशर-सुकामेव्याचं घट्ट दूध. एक ग्लास तिघांत पुरे.

सराफा दुसऱ्या रात्री, आणि शनिवार-रविवार सोडून. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं असतात. त्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर शेगड्या मांडल्या जातात. साडेनऊ-दहाला पोचा. अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते आणि बाबांचे हाल होतील. राजवाड्यापाशी उतरून पाच-सात मिनिटं चालावं लागतं, ते धरून चाला. मोमो आणि नूडल्सच्या गाड्या दिसल्या तर थांबू नका. त्यासाठी पुण्याहून यायची गरज नाही, सरळ पुढे जा.

जोशींकडे दहीवड्याचा दोना, म्हणजे द्रोण, हवेत उडवून झेलतात, मग एकाच चिमटीतून एकेक मसाला वेगळा भुरभुरतात. लोक मोबाइल काढून उभे असतात. ती गंमत आहेच, पण वडाही खरंच हलका असतो. आईंसाठी भुट्ट्याचा कीस: किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवतात, गोडसर लागतो. मिरची नको असं आधीच सांगा.

तुम्ही जानेवारीत येताय, म्हणजे गराडू मिळणार, आणि इथे मी जरा रेंगाळणार. हा हिवाळ्यातला कंद. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून घरी बायका हाताला तेल लावून बसतात. गाडीवर त्याच्या फोडी आधी अर्ध्या कच्च्या तळून ढीग लावलेला असतो. तुम्ही मागितलं की त्याच फोडी पुन्हा कढईत जातात, लालबुंद होऊन बाहेर येतात, मग जिरावण, म्हणजे इथला चटकदार कोरडा मसाला, आणि लिंबू. बाहेरून कडक, आत रताळ्यासारखं मऊ, पण गोड नाही. ते गरमच खायचं. पाच मिनिटं बोलत बसलात की चिवट होतं. मागे एकदा गर्दी कमी म्हणून एका गाडीवर थांबलो. तेल काळं दिसत होतं तरी खाल्लं, आणि दोन दिवस घसा धरून बसलो. आता मी आधी कढईत डोकावतो, मग पैसे काढतो.

राहिले पोहे. "खरे इंदुरी पोहे कुठे?" असं विचारलंत. नाव सांगायचं तर उसळ पोह्यांसाठी प्रशांत. तिखट असतात, आईंना नको. पण साधे पोहे तुमच्या लॉजच्या कोपऱ्यावरही चांगले मिळतील. खूण एकच: पातेल्याखाली वाफ हवी. आपण कांदेपोहे कढईत परततो, इथे भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर, बडीशेप लावून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात. तेल जेमतेम. त्या वाफेवर ते तासन्‌तास मऊ राहतात. कांदा वरून, कच्चा. मग "भिया, शेव जास्त?" असं विचारत मूठभर शेव, कोथिंबीर, कधी डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि पुन्हा जिरावण. म्हणजे पोहे नुसते मऊ गादीसारखे, चव सगळी वरच्या थराची. आमची आजी शेवटपर्यंत म्हणायची, "हे पोहे कसले, शेवेचा भात आहे." आणि रविवारी सकाळी सातला मलाच पिटाळायची आणायला. शेंगदाणे शोधू नका. बरोबर जिलबी घ्याच. एक घास पोहे, एक तुकडा जिलबी, असं आलटून पालटून. पहिल्यांदा विचित्र वाटेल, तिसऱ्या घासाला नाही वाटणार. सात ते नऊ ही त्याची वेळ.

साबुदाण्याची खिचडीसुद्धा इथे बरेच जण वाफेवरच करतात आणि वर फराळी चिवडा घालतात. पुण्याची तुपात परतलेली मला जास्त आवडते. हे इथल्या कुणाला सांगू नका.

दाल-बाफले दुपारी खायचे. दोन्ही कणकेचे गोळेच: बाटी थेट भाजतात, बाफला आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. शेवटी लाडू असतो. त्यानंतर कुठलंही ठिकाण बघायचं ठरवू नका, लॉजवर जाऊन आडवे व्हा. पहिल्या दिवशी दुपारी बाफले, संध्याकाळी छप्पनला थोडंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे, दुपारी फक्त ताक, रात्री सराफा. असं जमलं तर बाबांचं पोटही ठीक राहील.

घरी नेण्यासाठी लवंगेची शेव आणि जिरावणाचं लहान पाकीट. मोठं घेऊ नका, उघडल्यावर वास लवकर उडतो. काकडीवर, पेरूवर घालून बघा. आणि उतरणार कुठे ते कळवा, विजयनगर की स्टेशनजवळ, म्हणजे जवळची पोह्यांची गाडी सांगतो.