रेशनच्या तांदळातले पाण्यावर तरंगणारे दाणे निवडून टाकावेत का?

टाकू नयेत. कणकवली, राजापूर किंवा गुहागरच्या घरांत ज्या दाण्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून सुपातून वेगळे काढले जाते, ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाबून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेले असतात, आणि साध्या तांदळात त्यांचे प्रमाण साधारण शंभरास एक इतकेच असते. म्हणजे मूठभर दाणे वेचून फेकले, तर वाढवलेले सगळे पोषणच उकिरड्यावर जाते, ही गोष्ट मला फार लागते.

रंग किंचित वेगळा दिसणे आणि काही दाणे धुताना वर येणे हे त्यांच्या घडणीमुळे होते. सरकारी अन्नमानकानुसार हे दाणे मिसळलेल्या एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. तांदूळ हलक्या हाताने धुवावा, आणि भात वेळून काढत असाल तर निवळ ओतून न देता पेजेत वापरावी, कारण पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे तिच्यात असतात.

आपला उकडा तांदूळ याहून वेगळा आहे. भात सालासकट उकडल्याने कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते. मात्र त्यात लोह किंवा ब-१२ बाहेरून घातलेले नसते, म्हणून एकाला दुसऱ्याचा पर्याय मानू नये.

घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर लोह घातलेला हा तांदूळ रोज खाण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.