समुद्रजलावरची बॅटरी आणि बी.एस्सी.नंतरची वाट

आपली मुलगी दादरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या बॅटरीसाठी टिकाऊ उत्प्रेरक (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) शोधायचे तिने मनावर घेतले आहे, आणि यात पुढे नोकरी मिळेल का, की नातेवाईक म्हणतात तसे एमबीए करावे, असे आपण विचारले आहे.

विषय पोकळ नाही. या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी समुद्रजलातील सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) सिरॅमिकच्या पडद्यातून पलीकडे जाऊन साठतात व पाण्याच्या बाजूला ऑक्सिजन सुटतो; वापराच्या वेळी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खर्ची पडतो. या दोन्ही उलटसुलट क्रिया एकाच उत्प्रेरकाने घडवायच्या असतात आणि खरी अडचण तिथेच आहे. प्लॅटिनम वापराच्या वेळी उत्तम, पण महाग, आणि चार्जिंगला तितकेसे उपयोगी नाही; उत्प्रेरक ज्यावर बसवतात तो कार्बनचा आधार चार्जिंगमध्ये झिजतो, पाण्यातल्या मिठाचे क्लोराइड धातूला कुरतडते, शिवाय इलेक्ट्रोडजवळचे पाणी अल्कधर्मी झाले की मॅग्नेशियमचे थर बसून उत्प्रेरक झाकला जातो. त्यामुळे कोबाल्ट, मँगनीज यांच्या ऑक्साइडांवर बरेच काम चालू आहे. दक्षिण कोरियातील उल्सान हे त्याचे एक प्रमुख केंद्र.

मात्र या बॅटरीच्या नावाने मुंबईत नोकरीची जाहिरात निघेल, अशी आशा धरू नये. तिने विद्युत रसायनशास्त्र पक्के करावे, कारण तीच विद्या मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन व कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या क्लोर-अल्कली कारखान्यांत, गंजरोधक लेपांत आणि विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये लागते. (गंमत अशी, की क्लोर-अल्कलीत क्लोरीन हवा असतो; या बॅटरीत मात्र चार्जिंगच्या वेळी ऑक्सिजनऐवजी तो सुटू नये, हे पाहावे लागते.) केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली, हेही ध्यानात घ्यावे.

पवईच्या आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा द्यावी लागते. माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) घराजवळचा चांगला पर्याय आहे, पुढे पीएच.डी.साठी तमिळनाडूतील कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्थेचाही विचार व्हावा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पण पीएच.डी.ला पाचेक वर्षे जातात. घराला लगेच उत्पन्नाची गरज असेल, तर एम.एस्सी.नंतर उद्योगात शिरणे अधिक शहाणपणाचे. एमबीए नोकरीनंतरही करता येते, प्रयोगशाळेत मात्र मधली वर्षे सोडून परतणे अवघड जाते.

एकच सेल आठवडेच्या आठवडे चार्ज-डिस्चार्ज करून आकडे नोंदवत बसणे तिला मानवते का, हे याच वर्षीच्या प्रकल्पात तिने पाहावे. भौतिक रसायनशास्त्र व गणित कच्चे असेल, तर जॅमची तयारी तिथूनच सुरू करावी.