पुण्यातलं पंचहौद चर्च कॅथलिक आहे का? आत मेणबत्त्या, धूप सगळं दिसतं म्हणून विचारतोय.

नाही, ते मुळात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, आणि 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. गोंधळ साहजिक आहे. गुरुवार पेठेतलं हे पवित्र नाम देवालय ज्या काउली फादर्सनी चालवलं, तो ऑक्सफर्डजवळ 1866 मध्ये सुरू झालेला अँग्लिकन साधूंचा संघ. चर्च ऑफ इंग्लंडमधला असूनही हा संघ झगे, मेणबत्त्या, पापनिवेदन, अविवाहित व्रत हे सगळं पाळायचा. फक्त पोपचा अधिकार मानत नसे. पूजेचा थाट बघून पंथ ओळखायला गेलं की फसगत होते ती अशी. हिंदू दर्शनांचं खंडन करणारं 'षड्दर्शनदर्पण' लिहिणारे, ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोरेही याच संघात उमेदवार (दीक्षेआधीचे साधक) म्हणून होते, आणि पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यामागे त्यांच्या लिखाणाचा मोठा हात होता. (1890 मध्ये लोकमान्य टिळकांनी मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून गाजलेलं ते चहा प्रकरण याच मिशनच्या आवारातलं!)

मात्र नॉर्थ इंडिया चर्चमध्ये सहा प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र आल्या, त्यामुळे आजची सगळी उपासना काउलीच्या वळणाची असेल असं धरू नका. कॅथलिक चर्चच हवं असेल तर क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च बघा, ते पेशवाईतलं आहे.