ती रडली नाही म्हणून

‘आमची मुलगी बारा वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही वाळपईचं घर सोडून मडगावला फ्लॅटमध्ये आलो. निघताना ती अजिबात रडली नाही, फार समजूतदार आहे. पण हल्ली ‘इनसाइड आउट’ हा एकच कार्टून सिनेमा सारखा लावून बसते. मीही बघायला बसले, पण दहा मिनिटांत कंटाळून उठले. ही सवय कशी मोडू?’
– एक आई, मडगाव

ताई, मोडू नका. तुमच्या पत्रात काळजीचं वाक्य एकच आहे आणि ते तुम्ही कौतुकानं लिहिलंय: ‘अजिबात रडली नाही.’ गाव, शाळा, मैत्रिणी एकदम सुटल्या आणि पोर रडली नाही, कारण न रडणाऱ्या मुलीलाच घरात शाबासकी मिळते हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तुम्ही फार लवकर उठलात. २०१५चा हा सिनेमा दिग्दर्शक पीट डॉक्टर यांना सुचला तो त्यांची बडबडी मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास अबोल होऊ लागली तेव्हा. त्यातली ११ वर्षांची रायली मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. रात्री आई तिच्या उशाशी बसून सांगते, बाबांवर ताण आहे, आपण दोघी हसत राहिलो तर त्यांना मोठा आधार होईल. आई प्रेमानंच बोलते, आणि तिथेच बिघडतं. रायलीच्या डोक्यातल्या भावना या सिनेमात पात्रं बनून येतात; त्यातली जॉय, म्हणजे आनंद, सॅडनेसला, म्हणजे दुःखाला, खडूच्या वर्तुळात उभी करते, बाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावते. दुःखाला मज्जाव झाला की बाकीच्या भावनाही एकेक करून विझतात. शेवटी रायलीला काहीच वाटेनासं होतं आणि ती आईचं कार्ड चोरून परतीची बस पकडते.

तर या शनिवारी तिच्या शेजारी बसा आणि सिनेमा शेवटपर्यंत बघा. दीड तासाचा आहे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रायलीचा लहानपणीचा काल्पनिक मित्र बिंग बाँग, त्याची गाडी हरवते तो प्रसंग नीट पाहा. जॉय गुदगुल्या करते, तोंडं वेडावते, काही उपयोग होत नाही. सॅडनेस नुसती जवळ बसते, ‘तुझी आवडती गोष्ट गेली’ एवढंच म्हणते आणि त्याचं ऐकते. तो रडतो, मग उठून चालू लागतो.

तुम्हीही तेवढंच करा. ‘तुझंही असंच होतं का गं?’ असं विचारू नका, ती लगेच ‘नाही’ म्हणेल. सिनेमा संपला की स्वतःबद्दल बोला: मला वाळपईची आठवण येते. येतेच ना हो तुम्हाला? मग गप्प राहा. ती रडली तर पाणी आणायला धावू नका, मडगावच्या शाळेचे फायदे सांगू नका, आइस्क्रीमचं आमिष दाखवू नका. नाही रडली तरी चालेल, पुढच्या वेळी तिनं तोच सिनेमा लावला की पुन्हा शेजारी जाऊन बसा.