पावती फाडच, पण नियमही वाच

चि. बाय,
स. आ.

शिक्षक संघटनेची वर्गणी भरू की नको, असं विचारलंस. मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी दिसली म्हणून अडलीस, हेही लिहिलंस. भर. आठ्या जातात.

१९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत, गोव्यातल्या मराठी शाळा लोकांच्या वर्गणीवर चालायच्या, कुठे देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या ओवऱ्यांत, कुठे कुणाच्या ओसरीवर. मास्तरांचा पगार गावाच्या मर्जीवर. चार मास्तरांनी जमून काही मागावं म्हटलं तर मुळात सभेलाच परवानगी लागे. १८ जून १९४६ ला समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी मडगावात जी बंदी मोडली ती हीच. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी शाळा निघाल्या, महाराष्ट्रातूनही मास्तर आले, आणि हक्काच्या पगाराबरोबर संघटना बांधायची मोकळीकही मिळाली. जुने लोक हे फार रंगवून सांगतात. ऐकून घे.

खरी गोम कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये आपल्या गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात निकाल दिला, की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक हा कामगार ठरत नाही. का, तर शिकवणं हे उदात्त व्रत. अंगमेहनत, कारकुनी, तांत्रिक किंवा देखरेखीचं काम यांत ते बसत नाही. मान मिळाला आणि त्याच कागदाने कामगार न्यायालयाचं दार बंद झालं. हा सत्कार मला आजवर पचलेला नाही. त्यामुळे अनुदानित शाळेतल्या तुझ्यासारखीला आधार उरतो तो १९८४ च्या गोव्याच्या शालेय शिक्षण कायद्याचा आणि १९८६ च्या नियमांचा. व्यवस्थापनाने काढून टाकलं तर दाद मागायची ती प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे. तिथे भाषणं चालत नाहीत, नेमणूकपत्र आणि सेवापुस्तिका चालते. चांगल्या संघटनेचं निम्मं काम हेच असतं: कुणाची वेतननिश्चिती चुकली, कुणाची ज्येष्ठता डावलली, ते शोधायचं आणि पर्वरीला शिक्षण खात्यात खेपा घालायच्या. मोर्चाचा फोटो पेपरात येतो, या खेपांचा येत नाही.

ग्रॅच्युइटीचंच बघ. अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांची संघटना २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. शिक्षक ग्रॅच्युइटीच्या कायद्यात बसत नाही, असं कोर्ट म्हणालं. २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू करून. शाळाचालक पुन्हा कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये दुरुस्ती टिकली. अठरा वर्षं झाली की नाही? एकटा माणूस एवढं लढत नाही, तेवढ्यात तो निवृत्त होतो.

संघटनेचं सगळंच बरं असतं असं मात्र समजू नकोस. वेतन आयोग आला की कायम झालेल्यांचा गळा मोठा होतो. नोकरीत कायम करा म्हणून पॅरा-टीचर, म्हणजे कंत्राटी शिक्षक, वर्षानुवर्षं आंदोलन करत होते, तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच कायमवाले लांबून बघत राहिले. तासिका तत्त्वावरची पोरं बैठकीला मागच्या बाकावर बसतात आणि मतदानाच्या वेळी बाहेर चहा पितात, कारण त्यांना मतच नसतं. तुमच्या शाखेत तसं असेल तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत विचार. सुरुवातीला चिडतील.

प्राथमिक शिक्षण कुठल्या भाषेतून द्यायचं, त्या माध्यमाच्या वादात नवी असताना पडू नकोस. इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला, तेव्हापासून तो विषय निघाला की स्टाफरूमची दोन टोकं होतात. पण पट घसरून प्राथमिक शाळा बंद पडत असेल, तर ते संघटनेच्या विषयपत्रिकेवर यायलाच हवं. उद्या तुमच्या हायस्कूलला मुलं त्याच शाळांतून यायची आहेत.

आणखी एक. ज्येष्ठता यादी सहीला आली की घाईत सही करू नकोस. तुझ्या पत्रात रुजू झाल्याची तारीख एक आहे आणि नेमणूकपत्राच्या फोटोत दुसरीच दिसते. सेवापुस्तिकेत कुठली पडली आहे ते उद्याच क्लार्ककडून बघून घे आणि मला कळव.

तुझा,
सर