सिग्नलला आपोआप बंद न होणारी हायब्रिड बॅलेनो: घ्यावी की सोडावी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमध्ये लोकमान्यनगर ते विजयनगर, जाऊन-येऊन रोज २२ किलोमीटर. समोर मारुतीची २०२० ची बॅलेनो, झीटा व्हेरिएंट, स्मार्ट हायब्रिड, ६२ हजार किलोमीटर चाललेली. तशाच साध्या बॅलेनोपेक्षा ४० हजार जास्त मागतायत. ट्रायलला पलासियाच्या सिग्नलवर इंजिन एकदाही आपोआप बंद झालं नाही, आणि विकणारा म्हणाला, "उन्हाळ्यात एसी चालू असला की असंच होतं."

तो अर्धं खरं बोलला. राहिलेल्या अर्ध्यात मी २०२२ मध्ये फसलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

ही गाडी विजेवर एक फूटही चालत नाही, हे आधी डोक्यात बसवा. नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारी एक मोटर असते. गाडी सिग्नलला थांबली, न्यूट्रल करून क्लच सोडला, की इंजिन बंद. क्लच दाबला की तीच मोटर पट्ट्याने इंजिन फिरवते. ॲक्सिलरेटर सोडून गाडी हळू होते तेव्हा ती वीज साठवते आणि उचल घेताना थोडा हात देते. बस, एवढंच.

इंजिन बंद करायच्या आधी गाडी बरंच काही तपासते: इंजिन पुरेसं तापलंय का, बॅटरीत दम आहे का, चालकाचा बेल्ट लावलाय का, दार नीट लागलंय का, एसीला अजून गारवा हवाय का. आपल्या इंदूरच्या मे महिन्यातल्या दुपारी एसी इंजिनला सुट्टी देतच नाही, तेव्हा विकणाऱ्याचं तिथवर बरोबर. म्हणूनच ट्रायल दुपारी घेऊ नका. सकाळी सातला जा. आधी बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री करा, कारण विकणारे गाडी आधीच गरम करून ठेवतात. पहिल्यांदा चावी फिरवल्यावर नेहमीच्या स्टार्टरचा 'खर्र' आवाज येईल, तो यायलाच हवा. मग एसी बंद, काचा खाली, बेल्ट लावून वीस मिनिटं चालवा. डॅशबोर्डवर ही सोय बंद करायचं बटण असतं, त्याचा दिवा पेटलेला नाही ना तेही बघा. आता सिग्नलला इंजिन गप्प व्हायला हवं, आणि क्लच दाबताच खर्र न करता, अलगद जागं व्हायला हवं. पट्टा किंचाळला तर पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही तपासून घ्या.

एवढं करूनही बंद होत नसेल, तर बॉनेट उघडून बॅटरीचं लेबल वाचा. माझं इथेच चुकलं. मीही याच जातीची गाडी घेतली, उन्हाळाभर "एसीमुळे असेल" म्हणत राहिलो. जुलैत पाऊस पडून हवा गार झाली, तरी तेच. शेवटी ओळखीच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं आणि एका नजरेत म्हणाला, "भिया, इसमें तो बैटरी ही गलत डली है." आधीच्या मालकाने पैसे वाचवायला साधी बॅटरी टाकली होती. या गाड्यांना ईएफबी लागते, दिवसातून पन्नासदा बंद-चालू सोसणारी. साधीवर एकतर ही सोय मुकाट बंद राहते, नाहीतर बॅटरी लवकर मरते. मला नवी बॅटरी ६,४०० ला पडली. पैशांपेक्षा वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: ज्याने बॅटरीत चोरी केली, त्याने ऑइलही वेळेवर बदललं नव्हतं. तेव्हापासून मी सिग्नलला बंद होणारं इंजिन मायलेजसाठी बघत नाही, आधीच्या मालकाचा स्वभाव कळावा म्हणून बघतो.

आता ते ४० हजार. हायब्रिड बॅलेनोचा कंपनीचा आकडा लिटरला २३.८७ किलोमीटर. २०२० च्या साध्या मॅन्युअल बॅलेनोत इंजिनही जुनंच होतं, तिचा आकडा २१.०१. म्हणजे मोटर आणि वेगळं इंजिन मिळून कमाई तीनेक किलोमीटर, तीही कागदावर. आपल्या गर्दीत १५ चे १७ झाले असं धरू. महिन्याला ५५० किलोमीटरमागे सव्वाचार लिटर वाचतील, लिटरला १०६ चा भाव धरला तर साडेचारशे रुपयांच्या आसपास. ४० हजार वसूल व्हायला सात वर्षांहून जास्त. तोवर गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपत आलेलं असेल! साध्या गाडीच्या भावात देत असेल तर बोला.

गाडी खरंच हायब्रिड आहे का तेही बघा. त्या काळात डेल्टा आणि झीटा मॅन्युअलमध्येच ती यायची, आणि मागच्या दारावरचा बिल्ला बाजारात कोणालाही मिळतो. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

बॉनेटमधल्या बॅटरीशिवाय पुढच्या डाव्या सीटखाली हायब्रिडची दुसरी, छोटी लिथियम बॅटरी असते. तिथलं मॅट उचला, गालिच्यावर तळहात दाबून धरा. ओल लागली, कुबट वास आला किंवा सीटच्या रुळांवर तांबेरा दिसला तर सावध. कधी गाडी पावसात बुडालेली असते, कधी नुसती एसीची पाणी सोडायची नळी तुंबून पाणी आत झिरपतं. दुसरं असेल तर नळी साफ होते, पण बॅटरीच्या जोडण्या उघडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. नंबर एमपी ०९, म्हणजे इंदूरचाच असेल तर गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. बाहेरच्या राज्यातली असेल तर एनओसी आणि इथला टॅक्स किमतीत धरा. थकलेले ई-चलान आधीच्या मालकाकडूनच भरून घ्या. ६२ हजाराचा आकडा सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डांशी ताडून बघा.

रविवारी सकाळी जमलं तर जाऊन या, आणि बॅटरीच्या लेबलचा फोटो टाका. ती कोणती आहे ते मी सांगतो.